आभाळातून की स्वर्गातून? एका सुगीच्या गीताचे कर्ते

शाळेत असताना दर ऑक्टोबरात एका रविवारी आम्ही एक इंग्रजी गीत म्हणत असू. विदर्भातल्या लहानशा गावातली मिशनची शाळा, शेजारी चर्च. त्या दिवशी वेदीपुढे कोहळे, केळीचे घड, मुगाच्या शेंगा, तांदूळ असे काय काय मांडलेले असे. कुणी जिवंत कोंबडीही आणी. भक्ती संपली की या सगळ्याचा लिलाव होई. गीत होते ‘वी प्लाव द फील्ड्स अँड स्कॅटर’. नांगरणी-पेरणी माणसाची, पण वाढ आणि पाणी देवाच्या हातचे, असा त्याचा आशय. त्यात हिवाळ्यातल्या बर्फाचाही उल्लेख येतो. आम्हाला बर्फ ठाऊक होता तो गोळेवाल्याच्या गाडीवरचा. तरी गीत कधी परके वाटले नाही, कारण चाल अशी की पहिल्यांदा ऐकतानाही ती आपल्याला आधीपासून येते असे वाटावे.

मागच्या वर्षी एका गायनवृंदाने या गीताचा मराठी अनुवाद करून द्याल का, असे विचारले. त्यांनी पाठवलेल्या कागदावर गीताच्या नावाखाली एकच शब्द छापला होता, ‘पारंपरिक’. मी होकार दिला आणि ध्रुपदाशी येऊन अडलो. आपल्याभोवतीची सारी चांगली देणगी ‘हेवन’मधून येते, असे ते ध्रुपद सांगते. हे ‘हेवन’ म्हणजे आभाळ की स्वर्ग? इंग्रजीत निकाल लागेना, म्हणून मूळ जर्मन कवितेकडे गेलो. तिथे प्रश्न सुटला नाही, पण या ‘पारंपरिक’ गीतामागे किमान चार कर्ते आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकाने ते गीत वेगळ्या माणसांच्या तोंडी दिले आहे, हे कळले. मला जे म्हणायचे आहे ते या चौघांविषयी, आणि त्यातही अनुवादिकेविषयी.

पहिला कर्ता माटियास क्लाउडिउस. जन्म १७४०, होल्स्टाइनमधल्या राइनफेल्ड गावचा, धर्मोपदेशकाचा मुलगा. हॅम्बुर्गजवळच्या वान्ड्सबेक या गावातून तो १७७१ ते १७७५ एक छोटे वर्तमानपत्र चालवत असे. ‘वान्ड्सबेकचा दूत’ असा त्याच्या नावाचा अर्थ. पुढे तो स्वतःच त्या नावाने ओळखला जाऊ लागला. मृत्यू आणि तरुणीचा संवाद असलेली त्याची कविता शुबर्टने १८१७ मध्ये स्वरबद्ध केली, म्हणून संगीताच्या श्रोत्यांनाही तो ठाऊक असतो. ‘आस्मुस’ या टोपणनावाने त्याने आपले लेखन भागाभागाने छापले. त्याच्या चौथ्या भागात, १७८३ मध्ये, ‘पाउल एर्डमानचा उत्सव’ नावाचे एक शब्दचित्र आहे. पाउलच्या घरी शेजारपाजारचे शेतकरी जमतात आणि एक ‘शेतकऱ्यांचे गीत’ म्हणतात. आपले गीत ते हेच.

म्हणजे मुळात हे उपासनेचे गीत नव्हते. कथेतल्या पात्रांनी एका घरच्या समारंभात म्हटलेले ते गाणे होते. एकाने कडवे म्हणायचे आणि सगळ्यांनी ध्रुपद उचलायचे. आपल्याकडच्या भलरीची आठवण व्हावी अशी ही रचना. भलरी कामाच्या लयीत बांधलेली असते, हे गीत काम संपल्यावरचे आहे, एवढा फरक धरूनही. कडवी चार-चार ओळींची, एकूण १७. सुरुवात विश्वाच्या आरंभापासून होते: सगळीकडे काळोख, काहीच नाही, आणि जे काही व्हायचे ते दुसरीकडून यावे लागणार. मग गाणे एकदम शेतात उतरते. आपण नांगरतो, बी टाकतो, पण वाढ आपल्या हाती नाही. आपण घरी परतू लागलो की आभाळ हलक्या वाऱ्यानिशी, गुपचूप उघडते आणि शेतावर वाढीचे थेंब टाकते. पुढे ऊन, चंद्र, वारा, ढग. गुरांना चारा आणि माणसांना भाकरी देणारा तोच. गवताची काडी आणि तारे, चिमणी आणि समुद्र, सगळे त्याच्याकडून. एका कडव्यात तर देव रात्री कुणाला न दिसता गावातून फिरतो आणि मनापासून आळवणाऱ्यांना झोपेत स्पर्श करून जातो.

या कवितेतला देव गावातला आहे. तो चाऱ्याची काळजी करतो, गस्त घालतो. काडीच्या शेजारी तारा आणि चिमणीच्या शेजारी समुद्र ठेवण्यात एक मिस्कील आनंद आहे. मोठ्या गोष्टींना लहानांच्या पंगतीत बसवण्याची ही रीत क्लाउडिउसची खास. आणि ध्रुपद सांगते की सारी चांगली देणगी वरून आली, देवाकडून आली, सुंदर निळ्या ‘हिम्मेल’मधून खाली आली.

‘हिम्मेल’ हा तो शब्द. जर्मनमध्ये आभाळही हिम्मेल आणि स्वर्गही हिम्मेल. क्लाउडिउसने त्याला ‘निळे’ आणि ‘सुंदर’ अशी दोन विशेषणे लावून आभाळाकडे झुकवले आहे, पण स्वर्गाचे दार लावून घेतलेले नाही. ज्यातून पाऊस येतो त्यातूनच कृपा येते. शेतकऱ्याला या दोन गोष्टी वेगळ्या करायची गरज नाही, आणि त्याच्या भाषेलाही नाही.

इथे एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. त्या काळी होल्स्टाइनमधल्या अनेक जहागिरींवर कुळे जमिनीला बांधलेली होती. ही वेठ कायद्याने संपली ती १८०५ मध्ये, म्हणजे कविता छापली गेल्यावर वीस-बावीस वर्षांनी. वाढ आपल्या हाती नाही, असे ज्यांच्या तोंडी घातले आहे त्या वर्गातल्या कित्येकांच्या हाती जमीनही नव्हती. मग ‘सारे वरून येते’ या वाक्याचे काय करायचे? एक वाचन असे की ही शरणागती आहे: जे मिळेल त्याबद्दल आभार माना. क्लाउडिउस बंडखोर नव्हता, पुढे फ्रेंच क्रांतीच्या विरोधात लिहिणाऱ्यांत तो होता, हे या वाचनाला बळ देते. पण कवितेत दुसरेही काही आहे. देणगी आभाळातून थेट शेतावर येते, मधे कुणाचा वाडा लागत नाही. देव रात्री फिरतो तो गावातून. देणाऱ्याच्या आणि राबणाऱ्याच्या मधली जागा कवितेने मोकळी ठेवली आहे. कवीचा तसा हेतू होता असे मी म्हणत नाही. कवितेत ती जागा आहे, एवढेच म्हणतो.

दुसरा कर्ता योहान आब्राहाम पेटर शुल्त्स. जन्म १७४७, ल्युनेबुर्गचा. १७८२ पासून त्याने ‘लोकस्वरातली गाणी’ या नावाने तीन भाग काढले. त्याच्या प्रस्तावनेतला विचार संगीताच्या इतिहासात प्रसिद्ध आहे: साध्या माणसांसाठीच्या चालीत ओळखीचा आभास असावा, ती नवी असूनही ऐकणाऱ्याला आपली वाटावी. क्लाउडिउसच्या चंद्रोदयावरच्या संध्यागीताला त्याने १७९० मध्ये दिलेली चाल जर्मन घरांतून आजही म्हटली जाते. शाळकरी वयात मला जे वाटले होते, की ही चाल आधीपासून येते, तो माझ्या कानाचा गुण नव्हता. तो एका संगीतकाराचा ठरवून केलेला उद्योग होता.

१७८७ पासून शुल्त्स कोपनहेगनच्या दरबारी होता. डेन्मार्कमध्ये शेतकऱ्यांना जन्मगावच्या जहागिरीशी बांधून ठेवणारा कायदा मोडण्याचा निर्णय १७८८ मध्ये झाला, आणि १७९० मध्ये तोमास थारुपच्या संहितेवर शुल्त्सने एक संगीतिका रचली. तिचे नाव ‘होस्तगिल्देट’, म्हणजे सुगीचा उत्सव. मोकळ्या झालेल्या शेतकऱ्याचा आनंद हा तिचा विषय. सुगीचे गाणे आणि शेतकऱ्याची सुटका या दोन गोष्टी या माणसाने एका रंगमंचावर आणल्या होत्या, हे कळल्यापासून मला ती चाल वेगळी ऐकू येते.

मात्र क्लाउडिउसच्या गीताची चाल हॅनोव्हरला १८०० मध्ये प्राथमिक शाळांसाठीच्या गीतसंग्रहात छापली गेली ती नावाशिवाय. त्याच वर्षी शुल्त्स वारला. तिच्यावर त्याचे नाव आले ते नंतरच्या, १८१२ च्या संग्रहात. ओळखीचा आभास इतका साधला की कर्त्याची ओळखच आधी गळाली. ‘पारंपरिक’ या शिक्क्याची सुरुवात इथे होते.

तिसरी कर्ती जेन माँटगोमेरी कॅम्पबेल. जन्म १८१७, लंडनमधल्या एका धर्मोपदेशकाची मुलगी. वडिलांच्या पॅरिशमधल्या शाळेत ती मुलांना गाणे शिकवी. चार्ल्स बिअर यांनी १८६१ मध्ये जर्मन गीतांच्या वळणावर इंग्रजी गाण्यांचा एक संग्रह काढला, त्यासाठी तिने हे भाषांतर केले. मुळातल्या सृष्टीच्या आरंभाची कडवी तिने सोडली आणि नांगरणीपासून सुरुवात केली. जर्मन गीतपुस्तकांतही ते आता तिथूनच सुरू होते. तीन मोठी कडवी आणि ध्रुपद, एवढेच तिने ठेवले.

तिने काय बदलले ते पाहू. गुपचूप उघडणारे आभाळ गेले, त्याच्या जागी बर्फ, ऊब, झुळूक, ऊन आणि पाऊस अशी ऋतूंची यादी आली. गुरांचा चारा गेला, त्याऐवजी पाखरांना खाऊ घालणारा देव आला. हा संदर्भ येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातला. भाकरी राहिली, पण ती ‘रोजची भाकरी’ झाली, म्हणजे प्रभूच्या प्रार्थनेतली. काडी आणि तारे, चिमणी आणि समुद्र यांच्या जागी वाटेकडेचे फूल आणि सांजतारा आले, आणि वारा व लाटा त्याची आज्ञा मानतात हे शुभवर्तमानातले दृश्य आले. रात्री गावातून फिरणारा देव उरला नाही. आणि सगळ्यात मोठा बदल तिसऱ्या कडव्यात: जर्मनमधले शेतकरी देवाविषयी एकमेकांशी बोलतात, कॅम्पबेलचे गाणारे देवाशीच बोलू लागतात. तृतीय पुरुषातले गाणे द्वितीय पुरुषातली प्रार्थना झाले. ध्रुपदातला निळा रंग मात्र पुसला गेला. ‘हेवन’ हा शब्द जुन्या इंग्रजी बायबलात आकाशासाठीही येतो, म्हणून आभाळ अगदीच नाहीसे झाले असे नाही. पण निळेपण गेल्यावर ते कुठल्या शेतावरचे आहे हे दिसेनासे झाले.

अनुवादाविषयी लिहिताना मी बरीच वर्षे मूळ आणि अनुवाद शेजारी ठेवून गळतीची यादी करत आलो आहे. ती यादी वर केलीच आहे आणि ती खोटी नाही. पण या गीताने मला दुसरी बाजू पाहायला लावली.

कॅम्पबेल ज्यांच्यासाठी लिहीत होती ती गाणारी मुले होती. त्यांना होल्स्टाइनचे गाव ठाऊक नव्हते, बायबल मात्र तोंडपाठ होते. पाखरे, रोजची भाकरी, वारा आणि लाटा हे त्यांचे पहिल्यापासूनचे शब्द. शुल्त्सने जो ओळखीचा आभास सुरांत आणला तोच कॅम्पबेलने शब्दांत आणला. कवितेच्या तपशिलाशी ती बेइमान झाली, पण चालीमागच्या विचाराशी एकनिष्ठ राहिली. शिवाय चर्चला अशा गीताची गरज तेव्हाच निर्माण झाली होती. कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टो गावी रॉबर्ट स्टीफन हॉकर या धर्मोपदेशकाने १८४३ मध्ये सुगीची आभारभक्ती ठेवली, आणि आज आपण ज्याला चर्चचा जुना सण समजतो तो तिथून पसरला. म्हणजे सणही फार ‘पारंपरिक’ नव्हता. त्याच सुमाराचे, १८४४ चे, हेन्री अल्फर्ड यांचे सुगीगीत पाहावे. धान्य घरी आल्याच्या आनंदात ते सुरू होते आणि लवकरच अंतिम न्यायाकडे वळते. पीक म्हणजे माणसे, गहू आणि निदण वेगळे होणार. कॅम्पबेलच्या गीतात गहू शेवटपर्यंत गहूच राहतो. क्लाउडिउसचे एवढे ऋण तिने नीट फेडले आहे.

तरी किंमत मोजावी लागलीच. ती मला ‘आम्ही’ या शब्दात दिसते. क्लाउडिउसच्या कवितेत ‘आम्ही नांगरतो’ म्हणणारे खरोखर नांगरणारे आहेत. इंग्लंडमध्ये १८५१ च्या जनगणनेत शहरी लोकसंख्या निम्म्याच्या वर गेल्याचे दिसले. त्यानंतर दहा वर्षांनी आलेल्या या भाषांतरातला ‘आम्ही’ बाकांवर बसलेल्या, बहुधा कधीच नांगर न धरलेल्या लोकांचा आहे. चौथा कर्ता जॉन बॅकस डाइक्स. डरहॅमच्या या धर्मोपदेशकाने ‘हिम्स एन्शंट अँड मॉडर्न’ या गीतपुस्तकाच्या १८६८ च्या पुरवणीसाठी चालीला चार आवाजांचा साज चढवला. एकाने सांगायचे आणि बाकीच्यांनी उचलायचे, ही गावातली रीत संपली. आता सगळी मंडळी सगळेच म्हणू लागली. गीत भरदार झाले, पण पुढे होऊन सांगणारा शेतकरी त्यातून निघून गेला.

ही जागा दुखरी आहे हे पुढच्या इंग्रजी कवींनीही ओळखले. जॉन बेट्जमन यांनी १९६० च्या दशकात या गीताचे विडंबन केले. त्यातले शेतकरी विषारी औषधे फवारतात आणि पैशाच्या गोष्टी करतात. विडंबन चालते ते कॅम्पबेलचे शब्द प्रत्येक वाचकाच्या डोक्यात असतात म्हणूनच. क्लाउडिउसचे नाव त्यासाठी आठवावे लागत नाही. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘गॉडस्पेल’ या संगीत नाटकात स्टीफन श्वार्ट्झ यांनी हेच इंग्रजी शब्द घेऊन पूर्ण नवी चाल दिली. म्हणजे शुल्त्सच्या चालीशिवायही कॅम्पबेलचा मजकूर उभा राहिला. एखाद्या भाषांतरावर विडंबने होतात, त्याला नव्या चाली लागतात, तेव्हा ते भाषांतर मूळ रचनेच्या जागी जाऊन बसलेले असते. आणि नेमक्या त्याच वेळी भाषांतरकाराचे नाव कागदावरून जाते.

आता माझ्यापुढच्या कागदाकडे येतो. मराठी बायबलाने ‘हिम्मेल’ची वाटणी केव्हाच करून टाकली आहे. उत्पत्तीच्या पहिल्या वचनात आकाश, प्रभूच्या प्रार्थनेत स्वर्ग. मला दोन्हींतला एक निवडायचा होता. ‘स्वर्ग’ लिहिला की मराठी कानाला इंद्र आठवतो, नाहीतर स्वर्गवासी झालेले आजोबा. स्वर्गातून देणगी आली म्हणावे तर वारसाहक्काचे प्रकरण वाटते. ‘वरून’ हा शब्द पुष्कळ दिवस मोहात पाडत होता. याकोबाच्या पत्रात उत्तम देणगी येते ती ‘वरून’च, आणि ध्रुपदामागे तेच वचन आहे. पण आपल्याकडे वरून पाऊस येतो तसा हुकूमही येतो. ज्या मोकळ्या जागेविषयी मी मघाशी बोललो ती ‘वरून’ या शब्दाने बुजली असती.

या अडचणीत मला नारायण वामन टिळक आठवले. १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर टिळकांनी भक्तिगीते लिहिली ती ओवी-अभंगाच्या वळणाने, भजन-कीर्तनाच्या अंगाने. परक्या चालींत बसवलेल्या शब्दांवर मराठी भक्ती पोसली जाणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. शुल्त्सचा आणि कॅम्पबेलचा जो मार्ग, तोच त्यांचा: ऐकणाऱ्याच्या ओळखीचे काय आहे ते आधी शोधायचे. मराठी चर्चच्या गीतपुस्तकात टिळकांची अनेक गीते आहेत आणि म्हणणाऱ्यांना ती आपली वाटतात.

मी ‘आभाळ’ लिहिले आणि त्याला ‘निळे’ हे विशेषण परत दिले. पेरणी झाली की मराठी शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. त्या बसण्यात प्रार्थना आहे आणि धास्तीही आहे. स्वर्ग शब्द न उच्चारताही आभाळात तो येतो असे मला वाटले. काय गमावले तेही सांगतो: चर्चमध्ये हे गीत म्हणणाऱ्या एखाद्या आजीला ‘आमच्या स्वर्गातील पित्या’शी जे नाते या ध्रुपदात जाणवते, ते माझ्या अनुवादात तितके जाणवणार नाही. तिच्यासाठी कॅम्पबेलचाच निर्णय बरोबर होता. बर्फ मी काढून टाकला आणि गुरांचा चारा परत आणला. रात्री गावातून फिरणारा देव चालीच्या मापात बसेना, म्हणून तो राहून गेला. या तीन गोष्टींसाठी उद्या कुणी माझ्या गळतीची यादी केली तर ती योग्यच ठरेल.

अनुवाद पाठवताना गायनवृंदाला एकच विनंती केली. ‘पारंपरिक’ हा शब्द काढावा आणि नावे छापावीत: क्लाउडिउस, शुल्त्स, कॅम्पबेल, डाइक्स. त्यांचे उत्तर आले, जागा कमी आहे, दोन नावे बसतील, कवी आणि संगीतकार. मी लिहिले, मग कवीच्या जागी कॅम्पबेलचे नाव घाला. मी जे गीत लहानपणी म्हटले ते तिचे होते.